दिल्लीचा हिवाळा आणि आमची भाजीची पिशवी

हिवाळा आला हे आपण कशावरून ओळखता? कोणी म्हणेल, पहाटेच्या धुक्यावरून. कोणी म्हणेल, पेटीतून बाहेर निघणाऱ्या लोकरीच्या कपड्यांवरून. दिल्लीकर तर अलीकडे आकाशातील धुराकडेच बोट दाखवील. मला स्वतःला मात्र हिवाळा ओळखू येतो तो बुधवारच्या संध्याकाळी हातातील पिशवीच्या वजनावरून. उन्हाळ्यात जेवढ्या पैशांत ती जेमतेम अर्धी भरते, तेवढ्याच पैशांत ती पौषात उचलवेनाशी होते.

परंतु हे ज्ञान मला फार उशिरा झाले, आणि ते ज्यांनी करून दिले त्या माझ्या सासूबाईंना दिल्लीची भाषाही येत नव्हती. ती हकिकत आपणास सांगावी म्हणून आज, दुसऱ्याच्या मजकुराचे भाषांतर बाजूला ठेवून, स्वतःचे चार शब्द लिहिण्यास बसले आहे.

द्वारका म्हटले की सौराष्ट्रातील श्रीकृष्णाची नगरी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहील. मी राहते ती द्वारका दिल्लीच्या नैर्ऋत्येस आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने आखून वसविलेले हे उपनगर पूर्वी ‘पप्पनकलां’ या नावाने ओळखले जाई. ३१ डिसेंबर २००५ रोजी मेट्रो येथवर पोचली आणि आमच्यासारख्या नोकरदारांना मध्य दिल्लीतील कार्यालय गाठणे सुकर झाले. येथील रस्ते रुंद आहेत, विभागांना नावांऐवजी आकडे आहेत, आणि उंच इमारतींच्या मधूनच ककरोला, अंबरहाई, पोचनपूर अशी जुनी गावे आपापल्या गल्ल्या सांभाळून आहेत. दिल्लीत ठिकठिकाणी आठवड्याचे बाजार भरतात आणि वारावरून त्यांची नावे पडतात. कोठे मंगळ बाजार, कोठे शनी बाजार. आमच्या घराजवळ भरतो तो बुध बाजार.

या बाजारावरून मी कित्येक वर्षे नुसती चालत जात असे. सकाळी आठला घर सोडणारी आणि संध्याकाळी सातला परतणारी स्त्री भाजी निवडीत केव्हा बसणार? भ्रमणध्वनीवर बोट टेकविले की निवडलेली, धुतलेली, क्वचित चिरलेलीदेखील भाजी दाराशी येई. फ्लॉवर, फरसबी, टोमॅटो आणि गोठवलेले मटार हे आमच्या घरचे बाराही महिन्यांचे पंचांग होते. त्यात मला काही उणे वाटत नसे.

२०२२ च्या दसऱ्यानंतर माझे सासरे वारले. सासूबाईंना वाई तालुक्यातील गावी एकटे ठेवणे शक्य नव्हते, म्हणून मार्गशीर्षात आम्ही त्यांना दिल्लीस आणले. साठ वर्षे ज्यांनी परसातला घेवडा, पावटा, हळद आणि मेथी स्वतःच्या हाताने लावली व खुडली, त्यांना आम्ही पाचव्या मजल्यावर आणून बसविले. त्या तक्रार करीत नसत. गॅलरीत, असेल तेवढ्या उन्हात, शाल पांघरून बसत. पान वाढले की निम्मे तसेच राही. “भूक नाही गं,” एवढेच उत्तर. वैद्यांना दाखविले, रक्त तपासले, दोष काही निघाला नाही. वजन मात्र दर आठवड्यास उतरत होते. एके रात्री त्यांनी माझ्या यजमानांना शांतपणे सांगितले, “मला गावी पोचव. तिथं जे व्हायचं ते होऊ दे.” आम्ही दोघेही त्या रात्री झोपलो नाही.

त्यानंतरच्याच बुधवारची गोष्ट. कार्यालयातील एका मैत्रिणीने बथुआच्या पराठ्यांची फार वाखाणणी केली होती, म्हणून स्टेशनातून घरी येताना बाजारात थांबून मी वीस रुपयांना एक जुडी घेतली. घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात ठेवते तोच मागून आवाज आला.

“चाकवत कुठं मिळाला गं तुला?”

“आई, हा चाकवत नव्हे. याला बथुआ म्हणतात. इकडचीच भाजी आहे.”

सासूबाईंनी एक पान खुडले, उलटे करून त्यावरची पांढुरकी भुकटी बोटाने पाहिली, चुरगळून वास घेतला. “म्हणत असतील. हा चाकवत आहे. किती दिलेस?”

मी किंमत सांगितली आणि दोन महिन्यांत प्रथमच त्या हसल्या. “गव्हात आपोआप उगवतं ते! तणाला वीस रुपये दिलेस होय?”

वाचकहो, माझी स्थिती काय झाली असेल, याची कल्पना करा. आदल्याच हिवाळ्यात पालेभाज्यांवरील एका हिंदी लेखाचे मी भाषांतर केले होते आणि त्यात ‘बथुआ ही उत्तर भारतातील एक पालेभाजी’ असे लिहून मोकळी झाले होते. मराठी विषय घेऊन मी बी. ए. झाले, शब्दांवरच माझा चरितार्थ चालतो, माहेरी ताकातल्या चाकवताची वाटी मी असंख्य वेळा पुसून खाल्लेली. परंतु चाकवत मला माहीत होता तो वाटीतला. जुडीतला, मातीसकटचा चाकवत मी ओळखला नाही.

त्या रात्री सासूबाई स्वतः ओट्याशी उभ्या राहिल्या. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, ताक, वरून लसणीची चरचरीत फोडणी. आणि त्यांनी भाकरीचा दुसरा तुकडा मागून घेतला. माझे यजमान पानावरून उठून हात धुण्याच्या निमित्ताने आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुढच्या बुधवारी सासूबाई माझ्या आधी तयार होऊन बसल्या होत्या. पायांत मोजे, डोक्याला गुंडाळलेली शाल, हातात गावाहून आणलेली कापडी पिशवी. बाजारात शिरताच त्या थबकल्या. एका बाजूला लालभडक गाजरांच्या राशी, दुसरीकडे पानांसकट पांढरे मुळे, मधे मटारांचे ढीग, सरसूच्या हिरव्या मोळ्या, कच्च्या हळदीचे गड्डे, रताळी, शिंगाडे, आवळे, पेरू. भाजीवाल्या बाईने मेथी पुढे केली. “माताजी, ले लो, आज ही तोड़ी है.” सासूबाईंनी देठ नखाने दाबून पाहिला आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, “आजची नाही ही, कालची आहे. देठ बघ की.” बाई हसली, मागच्या पोत्यातून दुसरी जुडी काढून दिली आणि वर मूठभर कोथिंबीर व चार मिरच्या टाकल्या. दुभाष्याचे काम करण्यास मी सरसावले होते. माझी गरज कोणालाच पडली नाही.

त्यानंतर पुष्कळ बुधवारी मी केवळ पिशवी धरून मागे चालत गेले, आणि त्या शाळेत जे शिकले त्यातील थोडे आपल्या उपयोगी पडावे म्हणून येथे देते. मटार घ्यावयाचा तो शेंग हिरवीगार, टणक आणि भरलेली पाहून. पिवळसर, सुरकुतलेली शेंग सोडून द्यावी. वेलीवरून तोडल्याबरोबर मटारातील साखरेचे पिठात रूपांतर होऊ लागते, म्हणून आणलेल्या दिवशीच सोलून खाल्लेला मटार गोड लागतो आणि चार दिवसांचा पिठूळ. गाजर मध्यम जाडीचे घ्यावे. फार जाड गाजराच्या पोटात कठीण दांडा निघतो. मुळा कोवळा व पाल्यासकट घ्यावा, म्हणजे एका पैशात दोन भाज्या होतात. पालेभाजी पसरट भांड्यात भरपूर पाण्यात बुडवून वर उचलून घ्यावी. भांडे तिरपे करून पाणी ओतले तर तळाची रेती पुन्हा पानांवरच बसते. शहराभोवतीच्या पाण्याचा भरवसा नसल्यामुळे असे निदान तीन वेळा करावे.

थंडीने भाज्या गोड होतात, असे सासूबाई म्हणत. मला तो जुन्या माणसांचा समज वाटे. परंतु पाहता शास्त्रही तेच सांगते. पारा उतरू लागला की गाजर, पालक यांसारख्या वनस्पती आपल्या पेशींत साखर वाढवितात, म्हणजे आतील पाणी सहजी गोठत नाही. वनस्पती आपल्या रक्षणासाठी जी तजवीज करते, तिचीच गोडी आपल्या जिभेस लागते. दिल्लीच्या गाजराचा लाल रंग लायकोपीन या द्रव्याचा. टोमॅटो लाल होतो तोही त्यानेच. ‘पूसा रुधिरा’ हा लाल गाजराचा वाण दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने तयार केलेला. या संस्थेची स्थापना १९०५ साली बिहारातील पूसा या गावी झाली. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारत उद्ध्वस्त झाल्यावर १९३६ साली ती दिल्लीस आली, आणि येताना गावाचे नाव बरोबर घेऊन आली. आज दिल्लीचा तो भागच पूसा म्हणून ओळखला जातो. हे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “गाव सुटलं तरी नाव सोडलं नाही म्हणायचं.” मी त्यावर काही बोलले नाही.

नावांच्या गमती तर विचारूच नका. सीताफळ हवे म्हणून सासूबाईंनी एकदा आग्रह धरला, मी भाजीवाल्याकडे ‘सीताफल’ मागितले, आणि त्याने तांबड्या भोपळ्याची भलीमोठी फोड तोलून दिली! दिल्लीत भोपळ्यालाच सीताफल म्हणतात. आपल्या सीताफळाला येथे शरीफा हे नाव. पेरूला अमरूद म्हणतात, आणि फारसीत अमरूद म्हणजे नासपती. मुळ्याच्या शेंगा, ज्यांना आपण डिंगऱ्या म्हणतो, त्या येथे मूंगरे होतात; सुरणाचा जिमीकंद होतो. किन्नू नावाचे मोठे रसाळ फळ पंजाबातून ढिगांनी येते; तो ‘किंग’ आणि ‘विलोलीफ’ या दोन संत्र्यांचा कॅलिफोर्नियात झालेला संकर, आणि त्याचे नाव त्या दोघांच्या नावांतील अक्षरे जोडून तयार झाले आहे. आपल्या नागपूरची संत्री शेजारच्याच गाडीवर असतात. सासूबाई किन्नू चाखून पाहत, “रस आहे,” एवढी कबुली देत, आणि संत्री घेत.

काटकसरीच्या दृष्टीनेही या बाजाराने माझे डोळे उघडले. डिसेंबरच्या आरंभी जो मटार मला किलोला शंभराच्या घरात पडला, तोच जानेवारीच्या मध्यास तिसऱ्या हिश्श्यावर आला. माल विपुल आला की भाव उतरतो, आणि माल विपुल येतो तेव्हाच तो उत्तम असतो. स्वस्त आणि सरस या दोन गोष्टी वर्षातून अशा क्वचितच एकत्र भेटतात. जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक प्रौढ माणसाने दररोज निदान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत असे सांगते. चार माणसांच्या मध्यमवर्गीय घरात हा हिशेब उन्हाळ्यात अवघड जातो. हिवाळ्यात तो सहज जमतो.

परंतु हे सारे सुरळीत चालले असताना माझ्या हातून एक चूक घडली. जानेवारीच्या आरंभी थंडीची लाट आली. पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास, दिवसभर सूर्याचे दर्शन नाही, हवेत धूर. सासूबाईंना खोकला होऊ नये म्हणून मी बाजार बंद केला आणि पूर्वीप्रमाणे भाजी घरी मागविली. सोललेला मटार, निवडलेली मेथी, साल काढलेले गाजर. त्यांना कसलाच त्रास पडू नये, एवढीच माझी इच्छा होती. दोन दिवसांत त्यांचे पान पुन्हा निम्मे राहू लागले.

तिसऱ्या रात्री मी थोड्या त्रासिक स्वरातच विचारले, “आई, अहो भाज्या त्याच आहेत. मग जेवत का नाही तुम्ही?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुझे सासरे रोज पहाटे परसात जायचे. जाताना दारातून विचारायचे, आज काय खुडू? साठ वर्षं विचारलं. मी सांगेन ती भाजी घरात यायची. ते गेल्यापासून मला कुणी विचारलंच नाही. तू सगळं चांगलं करतेस गं. पण करून ठेवतेस.”

वाचकहो, यात कोणताही आरोप नव्हता, म्हणूनच तो मला अधिक लागला. त्यांचे कष्ट वाचविता वाचविता घरातील एकच निर्णय, जो साठ वर्षे त्यांचा होता, तो मी त्यांच्या हातून काढून घेतला होता. चाकवताच्या जुडीने त्यांची भूक परत आली ती केवळ चवीमुळे, असे मी समजत होते. माझा तो समज अपुरा होता. त्या रात्री त्यांनी काय करायचे ते स्वतः ठरविले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयास निघताना मी दारात थांबून विचारले, “आई, आज काय आणू?”

क्षणभर त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग हिशेब करून म्हणाल्या, “भोगी जवळ आली. यादी देते, लिहून घे.”

भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण आपणास परिचित आहेच. त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि ऋतूतील साऱ्या भाज्यांची मिळून एक भाजी असते. हिवाळ्यात जमीन जे जे देते ते एका पातेल्यात आणण्याचा हा सण. यादीतील गाजर, वांगी, बोरे, ऊस, तीळ सहज मिळाले. हरभऱ्याचे सोलाणे ‘छोलिया’ या नावाने सोललेले मिळाले. बाजरीची मला चिंता होती. परंतु भाजीवाली बाई नजफगढकडील गावची निघाली. “बाजरा? हमारे यहाँ तो सर्दी में रोज बनता है,” असे म्हणून तिने चक्कीचा पत्ता सांगितला. पुढे ते २०२३ चे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. सासूबाई आणि ती बाई यांचा ठराव त्याच्या आरंभीच, बुध बाजारात, एकमताने मंजूर झाला होता. अडला तो एकटा पावटा. तीन बाजार फिरूनही तो मिळाला नाही. शेवटी सासूबाईंनी मटारावर भागविले. “इथली भोगी आहे. इथं जे पिकतं ते घालायचं,” त्या म्हणाल्या. ‘इथली’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा प्रथम ऐकला.

आमची भोगी आणि पंजाबी मंडळींची लोहडी एकाच सुमारास येतात. त्या संध्याकाळी इमारतीच्या आवारात शेकोटी पेटली. लोक तिच्यात तीळ, रेवड्या, शेंगदाणे टाकीत होते. आमच्या शेजारणीने मक्याची रोटी आणि सरसूचे साग आणून दिले. सासूबाईंनी चव घेतली, पुन्हा घेतली आणि मला हळूच म्हणाल्या, “हिच्यात चाकवत आहे बघ.” विचारले तेव्हा शेजारीण चकित झाली. सरसूचा उग्रपणा कमी व्हावा म्हणून ती सागात बथुआ घालते! त्या रात्री भोगीच्या भाजीचे एक पातेले त्यांच्या घरी गेले आणि ते रिकामे परत आले नाही. त्यात गाजराचा हलवा होता.

फाल्गुनात ऊन तापू लागले तशा सासूबाई गावी गेल्या. आम्ही अडविले नाही. या वेळी पान टाकून नव्हे, तर वजन भरून गेल्या, आणि पिशवीत पूसाच्या लाल गाजराचे बी नेले. त्यानंतर दर वर्षी कार्तिकात त्या स्वतः निरोप पाठवितात, “बाजार भरू लागला का? मग तिकीट काढा.” गावाहून येताना पावटा घेऊन येतात, म्हणजे भोगीला आता काही उणे राहत नाही. ती भाजीवाली बाई त्यांच्या येण्याची वाट पाहते आणि मला विचारते, “माताजी कब आ रही हैं?” परवाच्या बुधवारी तिने त्यांच्यासाठी मूंगऱ्यांची पहिली तोड बाजूला काढून ठेवली होती.

आपण इंदुरास असाल, बडोद्यास असाल, बेळगावास किंवा हैदराबादेस असाल. आपल्याही गावात हा बाजार कोठे ना कोठे भरत असेलच. या आठवड्यात थोडा वेळ काढून तेथे जा, आणि जाण्यापूर्वी घरातील वडील माणसांना एकदा विचारा, “आज काय आणू?” त्यांना चालवत असेल तर बरोबरच न्या. पिशवी तेवढी मोठी घ्या.